अंगठा चालतो, मग बोट का चालत नाही?

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक), जिल्हा परिषद जळगाव, धुळे व नंदुरबार,
तसेच या तिन्ही जिल्ह्यांतील प्राथमिक शाळांचे सन्माननीय मुख्याध्यापक यांसी,

विषय : ज्या मुलांना तोंडाने बोलणे जमत नाही किंवा वेळेवर जमत नाही, त्यांनी चित्र दाखवून, लिहून अथवा खुणेने दिलेले उत्तर हे उत्तर म्हणून स्वीकारण्याबाबत.

महोदय, महोदया,

मी गेली सतरा वर्षे जळगाव जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी, तहसील कचेरीच्या आवाराबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहून देतो. वारसनोंद, पीक नुकसानीची भरपाई, शिधापत्रिकेतील नावाची दुरुस्ती, बांधावरचे भांडण, असे सगळे माझ्याकडे येते. येणाऱ्यांपैकी पुष्कळांना लिहिता येत नाही. ते अहिराणीत सांगतात, मी कचेरीच्या मराठीत लिहितो, लिहिलेले त्यांना वाचून दाखवतो आणि मग शाईच्या पॅडवर डावा अंगठा टेकवून ते खाली निशाणी करतात. तो अर्ज कचेरीत आवक होतो, त्यावर क्रमांक पडतो आणि तो त्या माणसाचाच अर्ज मानला जातो. ‘याला लिहिता येत नाही, म्हणजे याचे काही म्हणणेच नाही’ असे आजवर एकाही कारकुनाने मला सुनावलेले नाही.

दुसरी ओळखही सांगणे भाग आहे. मी स्वतः स्वमग्न, म्हणजे इंग्रजीत ज्याला ऑटिस्टिक म्हणतात तसा आहे. हे मला वयाच्या चौतिसाव्या वर्षी नाशिकला तपासणी झाल्यावर कळले. तोपर्यंत गावात मी घुम्या, मानी आणि ‘थोडा सरकलेला’ म्हणून प्रसिद्ध होतो. मला बोलता येते. पंचवीस वर्षांपूर्वीच्या परिपत्रकातील अट मी तोंडपाठ सांगू शकतो. परंतु गोंगाटात किंवा अचानक अंगावर आलेल्या प्रश्नापुढे माझे बोलणे थांबते. शब्द आत असतात, कोणता शब्द हवा तेही ठाऊक असते; पण गर्दी वाढल्यावर कारकुनाने खिडकी लावून घ्यावी तसे काहीसे होते, आणि खिडकी उघडेपर्यंत समोरचा माणूस निघून गेलेला असतो. (‘स्वमग्नता’ हा शब्दही मला कधी पटला नाही. स्वतःत मग्न असतो तर पंख्याची खरखर, समोरच्याची नाराजी आणि पलीकडच्या टेबलावरचा तंटा हे सगळे एकाच वेळी अंगावर आले नसते. पण दाखल्यावर तोच शब्द आहे, म्हणून इथेही तोच वापरतो.)

मागील वर्षी २ एप्रिलला, म्हणजे जागतिक स्वमग्नता जागरूकता दिनी, एका सभागृहात झालेल्या कार्यक्रमात मला ‘अनुभवकथनासाठी’ तीन मिनिटे दिली होती. ध्वनिक्षेपक शिट्टी मारत होता. सूत्रसंचालकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि ‘बोला ना, घाबरू नका, सगळे आपलेच आहेत’ असे माईकमध्येच सांगितले. मी घाबरलेलो नव्हतो. माझ्या खिशात लिहून आणलेली दोन पाने होती आणि ती त्यांच्या हाती देण्याचा मी दोनदा प्रयत्न केला. परंतु कागद वाचून दाखवण्यापेक्षा मी ‘मनमोकळे’ बोलावे अशी त्यांची इच्छा होती. चाळीस-पन्नास सेकंदांनी ते म्हणाले, ‘असो, भावना पोहोचल्या,’ आणि टाळ्या झाल्या. भावना पोहोचल्या नव्हत्या. त्या खिशातून निघाल्याच नव्हत्या. ती दोन पाने आजही माझ्याकडे आहेत आणि या पत्राचा बराचसा मजकूर त्यांतलाच आहे.

पत्र लिहिण्याचे निमित्त मात्र माझे नाही, माझ्या पुतण्याचे आहे. तो नऊ वर्षांचा असून तिसरीत शिकतो. त्याच्याकडे स्वमग्नतेचे प्रमाणपत्र आहे. तो थोडे बोलतो, आणि जे बोलतो ते बहुधा कोणाचे तरी ऐकलेले, सबंध वाक्यच्या वाक्य असते. पहिलीत असताना, मार्च अखेरीस, सकाळची शाळा सुरू झालेली आणि ऊन आठलाच अंगाला लागत असताना, तो जागेवरून उठला, गुरुजींजवळ गेला आणि म्हणाला, ‘तुले पानी जोयजे का?’ गुरुजी म्हणाले, ‘नाही रे बाळा, मला नको. बैस जागेवर.’ तो बसला आणि पुन्हा उठला. पुन्हा तोच प्रश्न, त्याच चालीत. तिसऱ्या वेळी गुरुजींना ती चेष्टा वाटली, शिवाय शिक्षकाला ‘तुले’ म्हणतो म्हणून वर्गही हसला. त्याला कोपऱ्यात बसवले गेले. दुपारी घरी आल्यावर त्याने माठाजवळ उभे राहून सलग तीन पेले पाणी प्यायले.

घरात त्याची आजी दिवसातून दहा वेळा त्याला विचारते, ‘तुले पानी जोयजे का?’ आणि त्यानंतर पाणी मिळते. त्याच्या हिशेबाने हे पाणी मिळण्याचे वाक्य आहे, आणि हिशेब चुकीचा नाही. लिओ कॅनर या बालमानसोपचारतज्ज्ञाने १९४३ मध्ये अकरा मुलांवर जो लेख लिहिला, त्यापासून स्वमग्नतेच्या आजच्या अभ्यासाची सुरुवात मानतात. त्या लेखातही स्वतःविषयी बोलताना ‘तू’ म्हणणारी आणि ऐकलेले वाक्य जसेच्या तसे परत म्हणणारी मुले आहेत. त्या अकरांपैकी आठ मुले बोलत होती, तीन बोलत नव्हती, आणि बोलणाऱ्यांचेही बोलणे समोरच्यापर्यंत पोहोचेलच असे नव्हते. पुढे १९८१ मध्ये बॅरी प्रिझंट आणि ज्युडिथ ड्यूकन यांनी अशा पुनरुच्चाराचा बारकाईने अभ्यास करून दाखवले की, तो पोपटपंची नसून त्यामागे मागणी, होकार, संवादातली आपली पाळी घेणे असे निरनिराळे हेतू असतात. म्हणजे शाळेत त्या दिवशी बोलण्यात कसूर झाली ती मुलाकडून नव्हे, ऐकण्यात झाली. गुरुजींना मी दोष देत बसत नाही. त्यांना हे कोणी शिकवलेले नव्हते. आता आपण शिकवावे, एवढ्यासाठी हे लिहिले.

ब्रिटनमधील समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन, जे स्वतः स्वमग्न आहेत, त्यांनी २०१२ मध्ये हीच गोष्ट नीट मांडली. दोन वेगळ्या जडणघडणीची माणसे समोरासमोर येतात तेव्हा न समजणे दोन्हीकडून असते; पण दाखल्यावर दोष एकाच्याच नावावर चढतो. आपल्याकडे हे समजायला परदेशी जाण्याची गरज नाही. मुंबईहून बदलून आलेला साहेब आणि यावल-चोपड्याच्या डोंगराकडचा पावरा शेतकरी माझ्या टेबलापाशी उभे असतात, तेव्हा दोघांनाही एकमेकांचे कळत नाही. ‘संवादकौशल्याचा अभाव’ हा शेरा मात्र शेतकऱ्यालाच मिळतो.

त्या प्रसंगानंतर माझ्या वहिनीने वेफर्सच्या खोक्याचा पुठ्ठा कापून चौकोनी कार्डे केली. मोबाइलवर घरातल्याच वस्तूंचे फोटो काढले, ते छापून चिकटवले, वरून सेलोटेप लावला आणि भोके पाडून सगळी कार्डे जुन्या कुलपाच्या किल्ल्यांच्या कडीत ओवली. माठ, ताट, संडास, गोधडी, पंखा, बस, आजी. सुरुवातीला बावीस होती. शेजारच्या एका शहाण्याने तेव्हाच बजावले की, चित्रांची सवय लागली की पोरगा बोलायचाच नाही. ही भीती आपल्या शिक्षकांमध्येही फार आहे, म्हणून स्पष्ट लिहितो : अशा पर्यायी साधनांवर झालेल्या संशोधनांचा एकत्रित आढावा २००६ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात साधनांमुळे बोलणे कमी झाल्याचे आढळले नाही; बहुतेकांचे बोलणे थोडेफार वाढलेच. आमच्या घरी वाढले की नाही हे मी सांगणार नाही, कारण वाढले नसते तरी कार्डे तितकीच आवश्यक होती.

इथे एक चूक आमच्याकडूनही झाली आणि ती सर्वत्र होते, म्हणून तिच्यावर थोडे थांबतो. आम्ही केलेली सगळी कार्डे मागण्याची होती. पाणी दे, जेवण दे, बाहेर ने. मुलाच्या मनात मागणीखेरीज दुसरे काही असेल, हे आम्हा मोठ्यांच्या डोक्यातच आले नाही. नाशिकच्या वाणी व भाषा उपचारतज्ज्ञ बाईंनी कडी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि विचारले, ‘यात नको कुठे आहे?’ नव्हते. ‘थांबा’ नव्हते, ‘दुखते’ नव्हते, ‘पुन्हा’ नव्हते, ‘माझे नाही’ नव्हते. त्या रात्री वहिनीने लाल स्केचपेनने फुली मारून ‘नको’चे कार्ड केले. दुसऱ्या दिवशी घरी वांग्याचे भरीत होते. पोराने ताटाशेजारी भरताच्या वाटीवर ‘नको’ ठेवले आणि आमच्याकडे पाहिले. खान्देशात जन्मलेल्या आणि हिवाळाभर भरताच्या पंगतीत बसवल्या गेलेल्या या मुलाला भरीत आवडत नाही, हे आम्हाला नऊ वर्षांत पहिल्यांदा कळले. त्याआधी तो ताट ढकलायचा, आणि त्याला आम्ही हट्ट म्हणायचो.

तिसरीला नव्या बाई आल्या. त्यांनी कडी आपल्या टेबलावर ठेवू दिली. एके दिवशी त्याने ‘पंखा’ आणि ‘नको’ ही दोन कार्डे शेजारी ठेवली. बाईंनी पंखा बंद केला, वर्ग उकाड्याने ओरडला, बाईंनी तो पुन्हा लावला. त्याने पुन्हा तीच दोन कार्डे ठेवली आणि कानावर हात धरले. बाई पंख्याखाली जाऊन उभ्या राहिल्या तेव्हा त्यांना बारीक कट्कट् ऐकू आली. वायरमनने पाहिले तर बेअरिंग गेलेले होते. चाळीस मुलांच्या वर्गात ही तक्रार एकाच मुलाने केली, आणि तीही तोंड न उघडता.

पुढे शाळेला भेट देण्यासाठी वरून पथक येणार असे कळल्यावर ‘वर्गात खेळणी नकोत’ म्हणून ती कडी कपाटात गेली. वार्षिक नोंदीत त्याच्या नावासमोर तोंडी कामाच्या रकान्यात ‘प्रतिसाद नाही’ असा शेरा आला. शाळेचे नाव मी लिहीत नाही. मला कोणावर कारवाई नको आहे. परंतु ‘प्रतिसाद नाही’ या दोन शब्दांना माझी हरकत आहे. २०१० पासून आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन लागू आहे, आणि त्यातल्या आकारिक, म्हणजे शिकता-शिकता वर्षभर होणाऱ्या, मूल्यमापनाची जी आठ साधनतंत्रे आहेत त्यांत तोंडी काम हे फक्त एक आहे. निरीक्षण आहे, प्रात्यक्षिक आहे, कृती आहे. मुलाने पंखा बिघडल्याचे सांगितले, हा प्रतिसाद नव्हता काय? तो कोणत्या रकान्यात लिहायचा हे शिक्षकांना कळले नसेल, तर तो रकाना दाखवून देणे आपले काम आहे.

मी जे मागतो आहे ते कृपेने मागत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आहे. आधीच्या १९९५ च्या कायद्यात सात प्रकारच्या अपंगत्वांची नोंद होती, आताच्या कायद्यात एकवीस आहेत आणि त्यांत स्वमग्नता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, वाचा व भाषा दिव्यांगत्व ही तिन्ही येतात. याच कायद्याच्या कलम २ मध्ये ‘संवाद’ या शब्दाची व्याख्या आहे. तीत लिखित मजकूर आहे, खुणा आहेत, दृश्य साधने आहेत, सोपी भाषा आहे, आणि बोलण्याला पूरक किंवा पर्यायी ठरणारी साधनेही आहेत. कलम १७ तर शासन आणि स्थानिक प्राधिकरणांवर, म्हणजे आपल्या जिल्हा परिषदांवर, अशा पूरक व पर्यायी साधनांचा वापर वाढवण्याची जबाबदारी टाकते. तेव्हा वहिनीने पुठ्ठ्याची केलेली कडी कायद्याच्या भाषेत संवाद आहे. तिला खेळणे म्हणून कपाटात ठेवणे म्हणजे मुलाच्या तोंडावर हात ठेवणे होय.

लिहिण्याच्या बाबतीत हे तत्त्व आपण मान्य केलेलेच आहे. केंद्र शासनाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार पात्र विद्यार्थ्याला परीक्षेत लेखनिक, म्हणजे त्याने सांगितलेले उत्तर लिहून देणारा माणूस, आणि तासाला किमान २० मिनिटे जादा वेळ मिळतो. आणि ११ फेब्रुवारी २०२१ च्या विकास कुमार प्रकरणाच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने लिहिण्यात अडचण असलेल्या उमेदवाराला, त्याचे दिव्यांगत्व ४० टक्क्यांच्या अटीत बसत नसतानाही, लेखनिक देण्याचा आदेश दिला. हाताला दुसऱ्याचा हात चालतो. मग जिभेला चित्र का चालू नये?

आपल्या खान्देशात तर हे कोणाला पटवून द्यावे लागू नये. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्या म्हणत गेल्या, चिरंजीव सोपानदेव आणि आप्तांनी टिपून ठेवले, आणि त्या गेल्यानंतर १९५२ मध्ये ते पुस्तकरूपाने महाराष्ट्रापुढे आले. त्या टिपणवह्या नसत्या, तर असोद्याची ही बाई जगाच्या लेखी ‘प्रतिसाद नाही’ ठरली असती. २०१८ पासून जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे आणि त्या नावाच्या पदव्या आपण लेखी परीक्षा घेऊन देतो. यातली गंमत मला नेहमी जाणवते.

बोलीविषयीही एक विनंती आहे. २०११ च्या जनगणनेत १८ लाखांहून अधिक लोकांनी अहिराणीसह खान्देशी आपली मातृभाषा म्हणून नोंदवली आहे; सातपुड्याकडे भिली, पावरी आहे. अशा घरातले मूल उशिरा बोलू लागले किंवा बोललेच नाही की आई-बापाला पहिला सल्ला मिळतो, ‘घरात शुद्ध मराठीच बोला, मुलाचा गोंधळ होतो.’ दोन भाषांच्या घरात वाढणाऱ्या स्वमग्न मुलांवर झालेल्या अभ्यासांत दोन भाषांमुळे त्यांचे नुकसान होते असे दिसलेले नाही. हा सल्ला पाळला गेला तर मात्र नुकसान नक्की होते, कारण ज्या आजीला मराठीत लाड करता येत नाहीत ती आजी नातवाशी बोलणेच कमी करते. चित्राला बोली नसते, ही आपल्या भागासाठी मोठीच सोय आहे. माठाचे कार्ड अहिराणीत ‘पानी’ आहे आणि वर्गात ‘पाणी’. ज्यांना फोन परवडतो त्यांच्यासाठी मुंबईच्या आयआयटीत तयार झालेले ‘जेलो’ हे ॲप मराठीतही विनामूल्य मिळते. पण आधी पुठ्ठा आणि स्केचपेन पुरे.

एक सावधगिरी मात्र मी माझ्या धंद्याच्या अनुभवाने सांगतो. मुलाचा हात किंवा मनगट धरून त्याच्याकडून अक्षरे निवडून घेण्याची एक पद्धत मध्यंतरी परदेशात गाजली. नियंत्रित चाचण्या घेतल्यावर ते शब्द मुलाचे नसून हात धरणाऱ्याचे असल्याचे निघाले. दुसऱ्याच्या तोंडी आपले शब्द घालण्याचा मोह कसा असतो, हे अर्ज लिहिणाऱ्याइतके कोणाला ठाऊक असणार? म्हातारी सांगते, ‘पोरगं माले दखत नही,’ आणि माझी लेखणी सरसावते, ‘सदर मुलगा अर्जदाराचा अमानुष छळ करीत असून’. म्हणून अर्ज वाचून दाखवावा लागतो आणि ‘मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे’ असे तिने म्हटल्याशिवाय अंगठा घेता येत नाही. मुलाच्या बाबतीत नियम हाच असावा. बोट त्याचे, निवड त्याची, आणि आपण काय समजलो ते त्याला उलट दाखवून ‘हेच ना?’ असे विचारणे आपले.

बाकीच्या मुलांविषयी थोडक्यात लिहितो. एडीएचडी असलेली, म्हणजे लक्ष टिकवणे आणि स्वतःला आवरणे अवघड जाणारी मुलगी प्रश्न पुरा होण्याआधी उत्तर देते आणि आगाऊ ठरते. वाचता-लिहिताना ज्याची अक्षरे फिरतात तो मुलगा सबंध गोष्ट तोंडी रंगवून सांगतो आणि वही कोरी म्हणून नापास होतो. माझ्या पुतण्याचे उलट आहे. तिघांनाही एकच सोय हवी आहे : जी वाट त्याला जमते त्या वाटेने उत्तर देण्याची.

आपण तिन्ही जिल्ह्यांसाठी एका पानाचे पत्रक काढावे. त्यात एवढे असले तरी चालेल की, मुलाचे कार्ड, पाटी किंवा फोन हे त्याचे संवादाचे साधन असून ते वर्गात, परीक्षेत आणि तपासणीच्या दिवशीही त्याच्या हाताशी राहील. मुलाच्या कार्डांत ‘नको’चे कार्ड असलेच पाहिजे. प्रश्न विचारल्यावर शिक्षकांनी मनात दहा अंक मोजावेत आणि तोवर तोच प्रश्न बदलून पुन्हा विचारू नये, कारण शब्द बदलले की आमच्यासारख्यांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. आणि ‘प्रतिसाद नाही’ ऐवजी मुलाने कशाने, कसा प्रतिसाद दिला ते एका ओळीत लिहावे. समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक शाळेत येतात तेव्हा त्यांचा वेळ रजिस्टर भरण्यात जातो; त्यांनी निदान एक तास वर्गशिक्षकांसोबत बसून ही कार्डे करावीत.

या विषयावर चर्चेसाठी आपण बोलावल्यास मी येईन. प्रश्न आधी लेखी मिळाले तर बरे. न मिळाल्यास मी पाटी घेऊन येईन आणि उत्तर लिहून दाखवीन. तेवढा वेळ द्यावा.

या पत्रातील पुतण्याविषयीचा मजकूर मी त्याला वाचून आणि चित्रांनी दाखविला आहे. पाण्याच्या, भरताच्या व पंख्याच्या प्रसंगांवर त्याने ‘हो’ ठेवले. आणखी एक प्रसंग होता, त्यावर त्याने ‘नको’ ठेवले. तो मी काढून टाकला आहे.

आपला विश्वासू,
एक अर्जलेखक, जळगाव जिल्हा